चोराची बाजू घेणारे जमादार काका

जमादार काका आज सकाळी गेले आणि जाताना माझ्यासाठी एक जबाब ठेवून गेले.

टाईप करताना चुका होतील, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जमादार काका म्हणजे तायडे काका, रिटायर्ड हेड कॉन्स्टेबल, सगळी नोकरी अकोला जिल्ह्यात. दर रविवारी आमच्या वाचनगटात यायचे. आम्ही बाकीचे मास्तर, मास्तरणी आणि बँकवाले. पोलीस हे एकटेच.

आणि प्रत्येक पुस्तकात हे गुन्हेगाराच्या बाजूने!

नायक खोटारडा असो, लफडेबाज असो, मित्राचा गळा कापणारा असो. शेवटची पानं आली की काकांचा जीव टांगणीला.

"सापडते काय जी हा? नाई सापडला पाह्यजे."

मी एकदा चिडवलं, "काका, आयुष्यभर चोर पकडले, आता सोडायला निघालात?"

ते हसले नाहीत.

"मॅडम, तीस वर्सं मी जबाब लिवले. चोरी त्याची, पण कागदावर लिवा लागते मी म्हणून. मी अमुक अमुक, वय इतकं, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी कुलूप तोडलं. पेन माहा, हात माहा. दहा ओळी झाल्या का मले वाटे, कुलूप मीच तोडलं."

मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "लेखक बी तेच करते नं."

मी मराठीची शिक्षिका. नायक, खलनायक यावर वर्गात तास तास बोलते. इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. वाईट माणसाचं त्याच्याच तोंडून ऐकायला लागलो की आपण कधी त्याच्या बाजूला जाऊन बसलो, ते कळतच नाही. कारण थोडंफार कुलूप सगळ्यांनीच तोडलेलं असतं.

आता गेल्या रविवारचं.

त्या दिवशीच्या कादंबरीत आई मरणाला टेकलेली असताना मुलगा घर सोडून पळतो. बोलता बोलता मला रडू आलं.

"बिचारा," मी म्हटलं. "दुसरं काय करणार होता?"

काकांनी चष्मा काढला.

"मॅडम, याच्यासाठी रडून राहिल्या. अन् भावाचा फोन उचलत नाई. काहून?"



माझा धाकटा भाऊ, राजू. सहा वर्षांपूर्वी अमरावतीला बाबा गेले, तेव्हा हा मातीला आला नाही. दर्यापूरहून! तासा-दीड तासाचा रस्ता! अग्नी मी दिला. त्या दिवसापासून मला भाऊ नाही, हे गटात मीच ठणकावून सांगितलं होतं.

"तो पुस्तकातला आहे, काका. राजू खरा आहे."

"याचं तुमी तीनशे पानं आयकलं. त्याचं एक पान तरी आयकलं काय?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही पोलीस आहात, वकिली करू नका," मी म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघून आले.

त्यांच्याशी माझं ते शेवटचं बोलणं.

आज सातला त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा गेले." सकाळी उठले, बसले आणि तिथेच कोसळले.

मी दोनदा विचारलं, कोणाचे बाबा?

त्यांच्या घरी पोचले तर तिने मला बाजूला घेतलं. हातात चार घड्यांचा फुलस्केप कागद दिला.

"मंगळवारी बाबा एकटेच दर्यापूरले गेले होते. रविवारी मॅडमले देतो म्हणत होते."

काकांचं ठसठशीत पोलिसी अक्षर.

"मी राजेंद्र, वय ४४, धंदा मोटर वायंडिंग, राहणार दर्यापूर, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वडील वारले त्या दिवशी मी सकाळपासून दारू प्यालेला होतो. निरोप मिळताच जीपने अमरावतीस आलो. स्मशानभूमीच्या गेटपर्यंत गेलो. तोंडाला वास येत होता म्हणून आत गेलो नाही. बाहेरून ताईला अग्नी देताना पाहिले. तिचा पदर वाऱ्याने सरणाकडे उडत होता. मी पदर सांभाळ म्हणून ओरडलो. तिला ऐकू गेले नाही. माझी दारू आजही सुटलेली नाही. जबाब वाचून पाहिला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

पदराची ओळ मी पुन्हा वाचली.

पदर खरंच उडत होता. ठिणगीने टोकाला भोक पडलं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

सहा वर्षं मी म्हणत होते, आला नाही. तो आला होता.

त्याची चूक आहेच. बापाच्या मातीला पिऊन येणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने बरोबर म्हणू? पण एक पानही न ऐकता निकाल देऊन मी मोकळी झाले होते, आणि परक्या कादंबऱ्यांवर रुमाल भिजवत होते. लाज वाटतेय लिहायला.

दुपारी काकांना घेऊन आम्ही स्मशानभूमीत पोचलो.

गेटबाहेर, पानठेल्याजवळ राजू उभा होता. काकांच्या मुलीने त्यालाही कळवलं होतं. किती वाळलाय! कानाजवळचे केस पांढरे झालेत. मला पाहून दोन पावलं मागे सरकला.

"ताई, थोडी घेतली हाये. मी इथंच थांबतो."

सगळे आत गेले होते. गेटवर आम्ही दोघंच.

मी त्याचा हात धरला.

"वास येऊ दे. आत चाल."

तो आला. माझ्या शेजारी शेवटपर्यंत उभा राहिला, आणि पूर्ण वेळ माझ्या पदराचं टोक त्याने मुठीत धरून ठेवलं होतं.

काका, तुमचा शेवटचा जबाब मीही वाचून पाहिला. बरोबर आहे.

रविवारच्या चहाची माफी राहिली, ती घ्या. आणि माझा कडक सलाम.