उएनोच्या दगडी पंगतीत काकू

ही पोस्ट लिहायला उन्हाळ्यातच बसलो होतो. मग ओजिमात जुन्या सायकलींचं दुकान सापडलं, मग टायफून आलं, मग आळस. आज काकांची तिथी, स्वयंपाकघरात खीर उकळतेय. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

तेव्हा मी इथे जपानात सुहासदादाच्या हॉलमध्ये पथारी टाकून होतो, तेवढ्यात पुण्याहून त्याची आई, म्हणजे माझी काकू आली. वर्षश्राद्धानंतरचा पहिलाच पितृपक्ष इथे येणार होता आणि पान दादानेच वाढावं, एवढीच तिची इच्छा. दादा म्हणाला, "सप्टेंबरात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. तूच कर ना, मी ऑफिसातून नमस्कार करीन." काकू उठून भांडी घासायला लागली.

म्हणून तिला पांडा दाखवायला काढलं. ओजिमाहून शिंजुकू लाईनने इवामोतोचो, तिथून चालत अकिहाबारा, पुढे जेआरच्या लोकलने उएनोचं प्राणिसंग्रहालय. शाकाहारी असाल तर कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, आंबट प्लमचा भातगोळा घ्या. पांडाची रांग बघून आम्ही शेजारच्या संग्रहालयात शिरलो, ते एसीसाठी. आत इजिप्त निघालं. भूकंपाच्या भीतीने प्रत्येक मूर्तीला पारदर्शक दोऱ्याने बांधलेलं.

थडग्यातल्या एका शिळेवर कोठारांचा अधिकारी बसलेला कोरला होता, पुढ्यात पाव, बदकं, बैलाची तंगडी.

"सरकारी नोकर ना? तुझ्या काकांसारखाच," काकू म्हणाली. "मेल्यावरही हुद्दा लिहिलाय. आणि हे काय, कांदे? पितरांना कांदे वाढतात मेले."

मी पाटीवरचं इंग्रजी वाचून सांगितलं: घरचे यायचे थांबले तरी उपाशी राहू नये म्हणून जेवण दगडात कोरायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने नुसतं मोठ्याने वाचलं तरी पोचतं.

काकूने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"म्हणजे तेव्हाही पोरांना सुट्टी मिळत नव्हती."

मग काचेसमोर उभी राहून म्हणू लागली, "भाजणीचे वडे. अळूची भाजी. आमसुलाची चटणी. खीर." रखवालदार आला, कमरेत वाकला आणि हळूच म्हणाला, "गोयुक्कुरी." सावकाश बघा. जपानमध्ये रागावतात की सांभाळून घेतात, मला अजून कळत नाही.

तिथून आम्ही साधं पोस्टकार्डही आणलं नाही. बदकं किती होती, तेही विसरलो. सुट्टीचं वाक्य तेवढं राहिलं. काल ते दादाला सांगितलं. "हं," म्हणाला, आणि लॅपटॉप उघडला.

आत्ता काकू पानासमोर एकटीच बसलीय, वाढायला हात उचलत नाहीये. आणि दाराचं कुलूप वाजलं. दादा. भर दुपारी, मोजे काढत विचारतोय, "आई, बाबांना आधी काय वाढायचं?"