सुकाणू ऐकेना

स्वारगेटला डिझेलचा धूर नाकात गेला, की मला धरणावरची ती दुपार आठवते. तापाने फणफणलेल्या आमच्या लेकीला आम्ही मोटारबोटीतून पलीकडच्या दवाखान्यात नेत होतो. वाऱ्याने बोट खडकाकडे ढकलली. ह्यांनी वेग कमी करून चाक फिरवलं, पण बोट वळेना.

"अहो, इंजिन बंद करा," मी म्हणाले.

"इंजिनच्या पंख्याचं पाणी जोरात लागल्याशिवाय सुकाणू ऐकत नाही," म्हणत त्यांनी खडक समोर असतानाच वेग वाढवला. मी लेकीला छातीशी आवळलं. बोट खडकाला घासून वळली.

दवाखाना गाठेपर्यंत लेक गेली. खडक समोर होता तेव्हा तो क्षण कधी एकदा संपतो असं झालं होतं. आता देवाकडे तोच परत मागते. तिचा ताप तेव्हा माझ्या अंगाला लागत होता.