चौथी जागा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी दहा मुलींची सेक्शन कमांडर झाले, ती माझ्या अक्षरामुळे. आवाजामुळे तर नक्कीच नाही. हजेरी देताना माझा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचत नसे. पण आम्हा कॅडेट मुलींची लेखी परीक्षा इंग्रजीत होती, मी इंग्रजी शाळेतली, आणि छोट्या तुकडीने बचाव कसा करायचा या प्रश्नाचं उत्तर मी चार पानांत, पट्टीने रेघा मारून, स्केच काढून लिहिलं होतं. आमचे उस्ताद, म्हणजे लष्करातून आम्हाला शिकवायला आलेले हवालदार, तो पेपर सगळ्यांसमोर धरून म्हणाले, "देखो, इसको कहते हैं प्लॅन." मला फार बरं वाटलं होतं.

माझ्या मैत्रिणीचं अक्षर वाईट होतं आणि इंग्रजी त्याहून. बाकी सगळं तिला माझ्याहून चांगलं यायचं. ती बन्नीमंटपजवळ राहायची. तिचे पणजोबा, खापरपणजोबा म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. आम्ही वडिलांच्या नोकरीमुळे पुण्याहून म्हैसूरला आलेलो, मी पाच वर्षांची असताना. दोघी मराठी, पण तिचं मराठी वेगळं. ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं म्हणायची, कारण तिच्या घरातल्या सगळ्या बायका तसंच बोलत, आणि वाक्य मराठीत सुरू झालं तरी कानडीत संपायचं. ती आमच्याकडून गेली की दार लावून आई हसायची. मीही हसायचे.

तिला एक गोष्ट हवी होती. तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या एका मुलीला अंडर ऑफिसरची रँक मिळते, ती परेडला सगळ्यांच्या पुढे उभी राहते. ती रँक. तिचे वडील सिटी बसचे ड्रायव्हर होते. तरुणपणी ते दोनदा सैन्यभरतीला गेले आणि दोन्ही वेळा उंचीत कमी पडले. "अप्पाला एकदा बोलवून दाखवायचंय," ती म्हणायची, "मी पुढं उभा हाय म्हणून." रँक कोणाला द्यायची ते कॅम्पच्या अहवालावरून ठरायचं.

कॅम्प शहराबाहेर हूटगळ्ळीच्या पलीकडे होता. तेव्हा तिकडे घरं थोडी आणि आखून ठेवलेले प्लॉट जास्त. शेवटून दुसऱ्या दिवशी आमचा सराव होता. एक टेकाड आमच्या सेक्शनने दुपारी चारपर्यंत राखायचं, दुसऱ्या सेक्शनने ते घ्यायचं. हातात लाकडी रायफली.

बचावाचं तत्त्व ऐकायला सोपं आहे. दोघी-दोघींच्या पाच जागा ठरवायच्या. प्रत्येक जागेला समोरच्या जमिनीची एक फोड वाटून द्यायची, म्हणजे त्या कडुलिंबापासून या खांबापर्यंत तू बघायचंस, खांबापासून पुढे तिने. फोडी एकमेकींवर थोड्या चढल्या पाहिजेत, मध्ये फट राहता कामा नये. आणि उस्तादांचा एक नियम होता, तो ते रोज सांगत. कुठल्याही जागी माणूस ठेवण्याआधी कमांडरने तिथे स्वतः पालथं पडायचं, हनुवटी मातीला लावायची आणि मग बघायचं. उभ्या माणसाला जे दिसतं ते आडव्या माणसाला दिसत नाही. "खड़े होके तो मेरी सास भी सब देख लेती है," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

सकाळी मी वही घेऊन जागा ठरवायला निघाले. पहाटे पावसाची सर येऊन गेली होती, लाल माती चिकट झाली होती. पहिली जागा झुडपामागे होती, तिथे मी नीट पडले. दुसऱ्या, तिसऱ्या जागीही पडले. चौथी जागा उघड्या उतारावर होती. समोर शंभरेक पावलांवर चिंचेखाली मुलांची प्लाटून नाश्ता करत होती. माझी पॅन्ट मागून घट्ट होती. कोणीतरी आधीच शीळ घातली होती, बहुतेक माझ्यासाठी नसावी. मी गुडघ्यांवर हात ठेवून थोडी वाकले. उतार, गवत, पुढे एक जुना चर, त्याच्यापलीकडे रस्ता. सगळं स्वच्छ दिसत होतं. मी पाचव्या जागेकडे चालू लागले.

मग सावलीत बसून तक्ता भरला. एका रकान्यात लिहायचं होतं, जागा आडवं पडून पाहिली का. पाचही ओळींत मी 'हो' लिहिलं. चौथ्या ओळीपुढे तर दीडशे मीटरपर्यंत नजर साफ आहे, असंही. इंग्रजीत, सुबक अक्षरात. तक्ता आणि स्केच उस्तादांना देऊन आले.

चौथ्या जागेवर मी माझ्या मैत्रिणीला ठेवलं, कारण ती सगळ्यांत सावध होती. हे खरं आहे. जोडीची मुलगी ताप आल्यामुळे तंबूत राहिली होती, म्हणून ती एकटी. जेवण झाल्यावर सगळ्यांनी जागा घेतल्या तेव्हा मी वाकून वाकून प्रत्येकीकडे गेले. ती पालथी पडून होती, कोपर मातीत रुतलेलं.

"अगे, इथनं खालचा चर दिसत नाही कणे," ती म्हणाली. "गवतच गवत दिसतंय. दोन पावलं पुढं जातो मी?"

"नको."

"दोनच पावलं गं."

"स्केच देऊन झालंय," मी म्हणाले. "जागा बदलली तर स्केच चुकेल. तू डावीकडे लक्ष ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. "सरी, मेडम." बरं, मॅडम.

दुसऱ्या सेक्शनच्या मुली साडेतीनच्या सुमारास आल्या, आणि चरातूनच आल्या. सात मुली चिखलाने माखलेल्या, चौथ्या जागेपासून दहा पावलांवर एकदम उभ्या राहिल्या आणि ओरडत टेकाडावर चढल्या. माझ्या मैत्रिणीने तोंडाने गोळी झाडल्याचा आवाज काढेपर्यंत त्या तिच्या मागे पोचल्या होत्या. माझी वही माझ्या हातात होती.

उस्तादांनी सगळ्यांना गोल बसवलं. त्यांना अजून दोन टेकाडं बघायची होती, ते घाईत होते.

"चार नंबर. दिखा क्यों नहीं?"

ती उभी राहिली. "दिखताच नहीं था उस्ताद. वो नाला वहाँ से नहीं दिखता."

त्यांनी माझा तक्ता उलगडला. बोट फिरवत चौथ्या ओळीवर आले. मग माझ्याकडे वळले. "लेटके देखा था?"

"यस, उस्ताद."

इतकंच. मी नेहमी दोन शब्दांतच उत्तर द्यायचे.

उस्तादांनी तक्त्याची घडी घातली. "तो फिर सो गई थी. सांबार-चावल का असर है." सगळ्या हसल्या. एकीने घोरून दाखवलं. माझी मैत्रीण आधी माझ्याकडे बघत होती, मग समोर बघू लागली, सावधानमध्ये बघतात तशी. बसायला सांगेपर्यंत ती उभीच होती.

त्या संध्याकाळी मी स्वतःला समजावलं की कदाचित ती खरंच पेंगली असेल. उन्हात, जेवणानंतर, कोणालाही पेंग येते. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू उतरवायचं काम चालू असताना मी एकटी त्या टेकाडावर गेले. चिंचेखाली कोणी नव्हतं. चौथ्या जागी तिच्या कोपरांचे दोन खड्डे अजून होते. मी पालथी पडले, माझे कोपर त्यांत ठेवले आणि हनुवटी टेकवली. चर नव्हता. अलीकडचं गवत आणि पलीकडचं गवत एकमेकांना चिकटून एकच हिरवा पट्टा झाला होता, त्यात सात काय, सत्तर माणसं मावली असती. मी दोन पावलं पुढे सरकून पडून बघितलं. चर तळापर्यंत दिसला.

अहवाल दुपारी जाणार होता. आमच्या कॉलेजच्या मॅडम टेबलाशी बसून तोच लिहीत होत्या, शेजारी चहा. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. पॅन्टला माती लागलेली होती.

"येस? काय पाहिजे?"

वाक्य तयार होतं. टेकाडावरून येताना मी ते तीन भाषांत जुळवलं होतं.

"सेफ्टी पिन आहे का, मॅम?"

त्यांनी पर्स शोधून एक पिन दिली. मी थँक्यू म्हणाले.

रँक मला मिळाली. वर्षभर मी कंपनीच्या पुढे उभी राहून बारीक आवाजात हुकूम देत राहिले. माझी मैत्रीण दुसऱ्या रांगेत असायची, आणि माझा हुकूम मागे पोचला नाही की तीच हळूच शेजारणींना सांगायची, "सावधान म्हणाली, सावधान." तिने बोलणं तोडलं नाही. तोडलं असतं तर मला रागावता आलं असतं. एकदाच मी म्हणाले, "त्या दिवशी..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "बिडे, जाऊ दे," एकच गोष्ट कानडीत आणि मराठीत म्हणाली. मी लगेच जाऊ दिलं.

कॉलेज संपलं. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले, ती मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात, तयार माल तपासायच्या विभागात. भेटी कमी झाल्या. गेल्या दसऱ्यात तिने आयुधपूजेला घरी बोलावलं. दाराशी स्कूटीला केळीचे खुंट बांधलेले, आत पाटावर नटबोल्टचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, मिक्सर, तिच्या कारखान्यातला मापाचा गेज, आणि सगळ्यांच्या वर घराण्यातली तलवार, टोकाशी बोटभर गंजलेली. त्या घरात तलवारीला हळदकुंकू घरातल्या मुला-मुलींपैकी एकाने लावायचं असतं. तिच्या वडिलांनी ताट तिच्या हातून घेतलं आणि बँकेत काम करणाऱ्या थोरल्या भावाला दिलं.

"तू मिक्सरला लाव गं," ते हसत म्हणाले, आणि पाहुण्यांकडे वळले. "आमच्या वंशात शंभर-दीडशे वर्षं सगळे पहाऱ्यावर उभे. झोपलेली ही पयलीच! कॅम्पात, भर दुपारी, सांबार-भात खाऊन!"

सगळे हसले. मावशी म्हणाली, "दरवर्षी तेच काय सांगताय भावोजी." माझी मैत्रीणही हसली आणि तिने मिक्सरला कुंकू लावलं. तिच्या हसण्याला सराव होता. दरवर्षी. मी रँक लावून फिरले, ती काढून ठेवली, विसरले, आणि इथे या घरात ती अजून झोपलेलीच होती. मला दिलेला लाडू मी पूर्ण खाल्ला आणि घरी आले.

तीन आठवडे गेले. एका शनिवारी दुपारी मी न कळवता गेले. ती कामावर होती, हे मला माहीत होतं. तिचे वडील एकटे टीव्ही बघत होते.

"ये बाळ. ती कारखान्यातली पाळी संपली की येईल. बस, कॉफी करतो."

"नको काका. तुमच्याशीच बोलायचंय."

मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलून परत आले असते. "ती झोपली नव्हती," मी म्हणाले. ते "आं?" म्हणाले. टीव्हीचा आवाज होता. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने, इतकं मोठ्याने की मलाच लाजल्यासारखं झालं. मग सगळं सांगितलं. नियम, चिंचेखालची मुलं, वाकून बघितलेली चौथी जागा, तक्त्यातलं 'हो', तिने मागितलेली दोन पावलं, यस उस्ताद. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पडून पाहिलं, तेही. सेफ्टी पिनचं नाही सांगता आलं.

त्यांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, रागावतील. मी त्याची तयारी करून गेले होते.

"झोपून बघितलं तर दिसत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

"उभं राहून दिसतं?"

"हो."

ते खुर्चीवरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले, आणि मग सावकाश पालथे झाले. मी "अहो काका" म्हणाले, पण ते थांबले नाहीत. सत्तरीला आलेला माणूस लाल फरशीवर हनुवटी टेकून दाराकडे बघत होता. दाराला उंबरा आहे, उंबऱ्यापलीकडे खाली दोन पायऱ्या. पायऱ्यांवर मी चपला काढल्या होत्या. मला त्या दिसत होत्या.

"तुझ्या चपला दिसत नाहीत बाळ," ते फरशीवरून म्हणाले.

ते तसेच पडून राहिले. बाहेर फाटक वाजलं. पिशवी खांद्याला, ओळखपत्र गळ्यात, अशी ती फाटकातून आली. पायऱ्या चढून उंबऱ्यात पोचली आणि थबकली.

"अप्पा! पडलास काय?"

"नाही गं," ते म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. "पायरीवरचे तुझे पाय मला दिसलेच नाहीत. एकदम दारात आलीस."

तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या दिवशी उस्तादांसमोरचं तेच बघणं, तेवढंच. मग पिशवी खाली ठेवून ती त्यांच्याजवळ गेली. "उठ आता. गुडघा धरंल."

मी दुसऱ्या बाजूने हात द्यायला पुढे झाले. काकांनी एक हात तिच्या हातात दिला, आणि दुसरा फरशीवर टेकून स्वतःच उठले.