यात काय तरी हाय

सुजाताबाईंना कुणी चहा दिला, की त्या कप हातात घ्यायच्या, आत बघायच्या, वास घ्यायच्या आणि देणाऱ्याला म्हणायच्या, "आदी तू पी." देणारा कोण आहे याचा काही संबंध नसे. सरपंचांनाही त्यांनी त्यांच्याच ओसरीवर त्यांच्याच घरचा चहा आधी प्यायला लावला होता. आमची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या डब्यातला शिरा त्यांनी मलाच खायला लावला आणि मी धडधाकट उभी आहे हे बराच वेळ पाहून मग हात पुढे केला. माझ्या आईने केलेला शिरा, वेलची घातलेला! मला भयंकर राग आला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यावर संशव नाय वो मास्तरीणबाई. शिऱ्यावर हाय."

तेव्हा साजगावच्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते. बांगलादेशाची लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. एका ठेकेदाराने कामासाठी बंगाली बोलणारी कुटुंबं आणली. घरदार मागे टाकून आलेली, कुठल्या कुठल्या छावण्यांत दिवस काढलेली माणसं. पत्र्याच्या शेडींत त्यांची वस्ती झाली आणि गाव तिला बंगाली चाळ म्हणू लागलं. मुंबईच्या एका संस्थेने तिथे बालवाडी काढली, मुलांना दूध सुरू केलं, बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग ठेवला. सुजाताबाई तिथल्या सेविका. मी जवळच्या प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. शाळा सुटली की बायकांना लिहायला शिकवायला मी तिथे जायचे.

तिथे कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. गाव म्हणे, बंगाली जादू असते यांच्याकडे, त्यांच्या दारावरून जाऊ नका. चाळीतली माणसं म्हणत, फुकटचं दूध कोण कशाला पाजेल? आज दूध देतील, उद्या पोरं गाडीत घालून नेतील. बाईंचा गावावर संशय, चाळीवर संशय, आणि ज्या संस्थेचा पगार घेत तिच्यावर तर सगळ्यांत जास्त. दुधाच्या पावडरीचा नवा डबा आला की चिमूटभर जिभेवर टाकून त्या पायरीवर बसून राहायच्या. "यात काय तरी हाय," असं पुटपुटायच्या. मी विचारलं, "अहो, काय असणार?" तर म्हणाल्या, "नसंल बी. पन मेले तर पोरांच्या आदी मी मरंन."

गंमत अशी की चाळीतल्या बायांना तेच पटलं. ही बाई आपल्यासारखीच आहे, हिलाही काही खरं वाटत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि मुलं दूध प्यायला लागली. संस्थेच्या ताईंनी हिंदीत केलेली भाषणं मात्र वाया गेली होती.

बाईंना चाळीत एका गोष्टीने छळलं. तिथल्या मुलांना दोन-दोन नावं. वर्गात मूल स्वतःचं नाव सांगे एक, आई दारातून हाक मारी दुसरीच. बाईंनी लगेच ताडलं की दूध दोनदा घ्यायचा हा डाव आहे. "दोन नावं कुनाला असत्यात? चोराला!" मग मीच चौकशी केली. त्यांच्यात घरात हाक मारायचं नाव वेगळं, त्याला डाकनाम म्हणतात. जगात सांगायचं वेगळं, ते भालोनाम. चांगलं नाव. बाईंनी ऐकून घेतलं आणि नंतर कितीतरी दिवस दूध वाटताना मुलांची तोंडं निरखून बघत राहिल्या.

आणि मग आली चायना.

सात-आठ वर्षांची असेल. कडेवर भावाला घेऊन बालवाडीच्या दाराबाहेर बसायची आणि आतल्या मुलांच्या आधी उत्तरं द्यायची. बाईंनी विचारलं, "नाव काय गं?" ती म्हणाली, "चायना." बाई माझ्याकडे वळल्या. चीनबरोबरची लढाई अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नव्हती आणि पोरीचे डोळेही बारीक. "मास्तरीणबाई, यात काय तरी हाय. हिंदुस्थानात ऱ्हाऊन पोरीचं नाव चायना?" मला हसू आवरेना. पण नाव गावात पसरलं, पोलीस पाटील चाळीत येऊन चौकशी करून गेले. आईला विचारलं तर तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. चांगलं नाव काय, तर तेही नाही. सगळ्या मुलांना दोन नावं आणि हिला एकच. बाई म्हणाल्या, "ही आई काय तरी दडवतीय."

एका रविवारी चाळीत एक माणूस आला. स्वच्छ कपडे, गोड बोलणं, मुलांना वाटायला बिस्किटं. मुंबईच्या एका चांगल्या घरी बाळ सांभाळायला मुलगी हवी, खाणंपिणं, कपडे, शिकवतीलसुद्धा, असं सांगत होता. चायनाचा बाप हरिपद कबूल होऊन बसला होता. पुढच्या रविवारी टेंपो येणार, पोरगी जाणार. मला तर तो माणूस बरा वाटला, खोटं कशाला बोलू? बाई मात्र दाराला टेकून त्याला न्याहाळत होत्या. मध्येच म्हणाल्या, "बाळाचं नाव काय हो?"

"कुठल्या बाळाचं?"

"ज्याला सांबाळायचं त्या."

तो हसला. "बेबी म्हणतात सगळे."

"पोरगा का पोरगी?"

तो घड्याळाकडे बघत म्हणाला, उशीर होतोय. तो गेल्यावर बाईंनी हरिपदला गाठलं. "पोर सांबाळायला न्हेतोय आन पोराचं नाव ठावं नाय? यात काय तरी हाय रं हरिपद. नको पाठवू."

हरिपद थकलेला माणूस होता, दुष्ट नव्हता. मोडक्या हिंदीत म्हणाला, "दीदी, चार लडकी हुआ. ये चौथा. पैदा हुआ तो नाम रखा, चाइ ना. मतलब, नहीं मांगता. अब और लडकी नहीं मांगता."

चायनाची आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती काय दडवत होती ते आता कळलं. बाई खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "नकुसा."

मला वाटलं, त्या शब्दाचं मराठी करताहेत. मी म्हटलं, "हो, तसाच अर्थ झाला."

"अर्थ नाय वो. माजं नाव हाय त्ये."

इतक्या दिवसांत हे मला ठाऊक नव्हतं. बाईंचं माहेर घाटावरचं. ओळीने मुली झालेल्या, ही शेवटची. नकुसा नाव ठेवलं की पाठीवर मुलगा होतो म्हणून ठेवलं. "झाला बी मुलगा!" बाई म्हणाल्या. "मंग तरी नाव बदलायचं का नाय? लग्नात बी नकुसाच. आमी धम्म घेतला तवा मालकांनी इचारलं, नवं नाव पायजे का? मी म्हनलं, आत्ताच्या आत्ता द्या. तवा सुजाता झाले." म्हणजे दोन नावं बाईंनाही होतीच.

मग त्या उठल्या आणि हरिपदला म्हणाल्या, "पोरगी माझ्याकडं जेवंल. सकाळी बालवाडीत मला हाताखाली, दुपारी मास्तरीणबाईंच्या शाळंत."

हरिपदने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "क्यों? तुम को क्या मिलेगा? इस में कुछ है."

बाईंचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. त्यांनी हरिपदच्या पाठीवर थाप मारली. "हां! असंच इचारायचं असतंय! अरं, मला इचारलंस, मंग त्या बिस्किटवाल्याला का नाय इचारलंस?"

तेवढ्यात हरिपदच्या बायकोने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि बंगालीत त्याला जे काही सुनावलं ते शब्द न कळताही आम्हाला नीट कळलं.

पुढच्या रविवारी बाई सकाळपासून चाळीच्या तोंडाशी फणस आणि कोयता घेऊन बसल्या. टेंपो आला. बाईंनी कोयत्याला तेल लावत विचारलं, "बाळाचं नाव काय म्हनलात?" टेंपो तिथूनच वळला. तो माणूस खरोखर कसा होता ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित भलाही असेल. मी तसं म्हटलं तर बाई म्हणाल्या, "भला असंल तर नाव इचारून परत यील. मी हितंच हाय." तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी आई पोरीला घेऊन शाळेत आली, बरोबर बाई होत्याच. मी विचारलं, नाव काय लिहू? आई बाईंकडे बघून पुटपुटली, "आदोरी." जन्मापासून मनात धरून ठेवलेलं असावं, इतकं चटकन आलं. मी लिहिलं, आदरी. बाईंना फार आवडलं. "आदर! झ्याक नाव हाय. मंग मान द्याया पायजे." आणि त्या दिवसापासून त्या पोरीला अहोजाहो करायला लागल्या. शेंबूड पुसतानाही, "आदरी, नाक हिकडं करा." "आदरी, पाडा म्हना." सरपंचांना अरेतुरे करणारी ही बाई! गाव हसायचं. पोरगी मात्र ताठ चालायला लागली.

आदरी मॅट्रिक झाली आणि त्याच बालवाडीत बाईंच्या जागी लागली. बाई तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या. पोटचा मुलगा औषध द्यायचा तर त्यालाही आधी चमचाभर घ्यायला लावायच्या. बिचारा धडधाकट माणूस पोटाची औषधं पिऊन हैराण झाला होता.

शेवटी शेवटी मी भेटायला गेले तेव्हा आदरी उशाशी बसली होती. हातात दुधाचा पेला. बोलता बोलता ती हसून म्हणाली, "बाई, आज एक सांगते, रागावू नका. आमच्या भाषेत आदर म्हणजे मान नाही. आदर म्हणजे लाड. आईने माझं नाव लाडकी ठेवलं होतं."

"मला वाटलंच हुतं," बाई म्हणाल्या, "त्यात काय तरी हाय."

आदरीने सवयीने पेला आधी स्वतःच्या तोंडाला लावायला उचलला. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. दे गं हिकडं."

आणि पेल्यात न बघता सगळं दूध पिऊन टाकलं.