उकरून टाकलेली माती

"पाय लावलास ना? आता उकर."

वस्तादांनी खोरं माझ्याकडं फेकलं. त्याचा दांडा माझ्या नडगीवर बसला. मी बारा वर्षांचा होतो. अंगावर फक्त चड्डी. समोर तालमीचा हौदा, त्यातली लाल मऊ माती, आणि त्या मातीत माझ्या डाव्या पायाचा एक ठसा. पाचही बोटं स्पष्ट उमटलेली. कडेनं लंगोट लावलेली गावातली पोरं उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. ठशाकडं बघत होती, तिथं साप निघाल्यासारखी.

त्या वर्षी दुष्काळ होता. शिरूर कासारच्या आमच्या भागाला दुष्काळ नवा नाही, पण त्या वर्षी बायका नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. साखर कारखाना नुकताच उभा राहिला होता. सहकारी. चेअरमन आमच्याच गावचे. तालीम त्यांनीच बांधलेली आणि वस्ताद त्यांचे धाकटे भाऊ. कारखान्याच्या विहिरीवरून ट्रॅक्टरनं पाण्याची टाकी गावात यायची, ती आधी तालमीसमोर थांबायची. कुस्तीच्या मातीत तेल, हळद, लिंबू, ताक घालतात आणि रोज पाणी शिंपून ती मऊ ठेवतात. वाळली की पैलवानांचं अंग सोलतं. म्हणून आधी मातीला पाणी, मग माणसांना. आमच्या घरात महिनोन् महिने ताक दिसलं नव्हतं आणि इथं ते मातीत कालवलं जात होतं.

टाकीपासून तालमीच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आम्ही मांगवाड्यातल्या पोरांनी वाहायचं. ते झालं की मग आमच्या बायकांची रांग सुटायची. बादली उंबऱ्यावर ठेवायची, आतल्या पोरानं ती उचलून मातीवर शिंपायची, असा रिवाज. माझ्या हातचं पाणी मातीला चालत होतं. मातीत पडलं की पाणी शुद्ध होतं म्हणे. हे शास्त्र कुणी लिहिलं ठाऊक नाही, पण लिहिणारा स्वतःच्या सोयीचं बघणारा होता. त्या दिवशी बादली घ्यायला उंबऱ्याशी कुणी आलंच नाही. चेअरमनच्या पोराची, भैयाची, कुस्ती रंगात आली होती आणि सगळे ती बघत होते. मीही बघत राहिलो. बघता बघता उंबरा कधी ओलांडला कळलं नाही. बादली कलली, तोल गेला आणि पाय मातीत पडला.

"किती उकरू?" मी विचारलं.

"हा कोपरा आख्खा. हातभर खोल," वस्ताद म्हणाले.

भैया माझ्याच वयाचा. माझ्याच वर्गात. छाती मातीनं माखलेली. तो म्हणाला, "लई हौस हाय का बे कुस्तीची? बापावानी हलगी वाजव की. तुमचं तर कामच व्यायाम असतंय."

सगळे हसले. वस्तादही हसले.

माझा बाप हलगी वाजवायचा हे खरं. तलवाड्याच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं की हलगीला तोच लागायचा. तो वाजवायला लागला की थकलेला गडीसुद्धा पुन्हा मांडी ठोकायचा. पैलवानाच्या अंगात वारं भरायचं काम माझ्या बापाचं. पण उभं राहायचं आखाड्याच्या बाहेर, आणि बक्षिसाचा नारळ घ्यायचा तो वरून टाकलेला.

मी उकरलं. टोपलं भरलं. "कुठं टाकू?" म्हटलं तर वस्ताद म्हणाले, "गावाभायेर न्हेऊन टाक." गावाबाहेर तर आम्हीच राहत होतो. मग ती बाटलेली माती मी टोपल्या-टोपल्यानं डोक्यावरून वाहिली आणि आमच्या घरामागं टाकली. दर खेपेला पाण्याच्या रांगेसमोरून जावं लागायचं. रांगेत माझी आई बसली होती. तिनं सगळं पाहिलं. बोलली असती तर आमची घागर रिकामी राहिली असती. तिचा राग मला कधीच आला नाही. रांगेचा आला. अजून येतो.

बाप घरी आला तोपर्यंत त्याला गावानं सांगितलेलं होतं. आल्या आल्या त्यानं एक थोबाडीत ठेवून दिली.

"कावून गेलतास आत?"

"पाणी घिऊन गेलतो."

"पाणी उंबऱ्याला ठिवायचं असतंय. ठावं न्हाई तुला?"

मग तो मागं गेला. ढिगाऱ्यातली चिमूटभर माती उचलून त्यानं नाकाजवळ धरली. "ताक हाय ह्यात," एवढंच म्हणाला आणि चिमूट पुन्हा नाकाशी नेली. थोबाडीत खाल्ल्याचं मला काही वाटलं नाही. पण माझा बाप मातीत ताकाचा वास घेत बसला होता, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी उठलो आणि त्या ढिगाऱ्यावर चढलो. दोन्ही पायांनी तुडवलं. पाय लागून बाटते ना? मग लागू दे. नाचलो, लोळलो, तोंडाला फासली. दमलो तसा थांबलो, आणि तालमीच्या खिडकीतून चोरून पाहिलेले जोर मारायला लागलो. दहा मारले. अकराव्याला तोंडावर पडलो आणि नाकात माती गेली. लोक व्यायाम सुरू करतात तब्येतीसाठी. मी केला तो खुन्नस म्हणून. खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून करतो आहे. आज पंचावन्नचा आहे.

शिकवायला कुणी नव्हतं. खिडकीतून दिसेल तेवढं शिकायचं, न दिसेल ते अंदाजानं. पहिली दोन वर्षं बैठका चुकीच्या मारत होतो, गुडघे धरले तेव्हा कळलं. ढिगाऱ्याची माती मी पसरून चौकोन केला. वाऱ्यानं उडायची, तशी ओढ्यातली आणून भर घालायचो. वस्ती हसायची. "पोटात न्हाई भाकर आन् गडी बैठका मारतोय." लग्न झाल्यावर बायको हसायला लागली. शेजारणीला सांगायची, "आमच्या मालकाला मातीचं येड हाय. खात न्हाईत तेवढंच नशीब."

दसऱ्यानंतर आम्ही उसाला जायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी त्या जोडीच्या हिशेबानं. ऊसतोडीत माणूस दिवसभर कमरेत वाकलेला असतो. डावा हात ऊस धरतो, उजवा कोयता चालवतो. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. सहा महिने हेच. उजवा खांदा फुगतो, डावा बसतो. मानेचा मणका दबतो. आमच्या टोळीतली माणसं चाळिशीत वाकडी झालेली मी पाहिली आहेत. बायका तर त्याच्या आधीच. आणि भैया म्हणाला होता, तुमचं कामच व्यायाम.

हे वाक्य मी जन्मभर ऐकलं. मुकादमानं म्हटलं, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं म्हटलं, पेपर वाचणाऱ्या मास्तरनंही म्हटलं. तुम्हाला काय गरज, तुम्ही कष्टकरी. या सगळ्यांना एकदा एका हंगामापुरता कोयता द्यावा आणि मग विचारावं, तब्येत कशी आहे. कामानं अंग कसत असतं तर आमच्या वस्तीत घरटी एक पैलवान निघाला असता. कामानं अंग झिजतं. काम माझ्या अंगाला उसाच्या मापानं वाकवत होतं. फडावरच्या आमच्या पाचटाच्या झोपडीबाहेर, कोपीबाहेर, पहाटे अर्धा तास मी ते अंग उलट्या बाजूनं वाकवायचो. छाती मागं, मान वर. डावा हात मुद्दाम जास्त चालवायचा. दिवसभर मी कारखान्याचा असायचो, तो अर्धा तास फक्त माझा. मुकादम म्हणायचा, "मस्ती आली का बे तुला?" मी म्हणायचो, "व्हय, आली."

मध्ये दीड वर्ष सुटलं. बाप गेला तेव्हा. त्याची हलगी खुंटीला टांगली आणि माझ्याच अंगातली रग गेली. दारूही घेतली त्या काळात, ते लपवत नाही. एके दिवशी मोळी घेऊन फळीवर चढताना पाय लटपटला आणि मी खाली आलो. पडल्या पडल्या सगळ्यात आधी भैयाचं हसणं आठवलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा दहा जोरांपासून सुरुवात केली. अकराव्याला पुन्हा पडलो.

आता माझी मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. वस्तीतल्या आणखी चार पोरी तिच्याबरोबर असतात. पहाटे त्यांना मी पळवतो. जागा नव्हती, म्हणून गावालगतच्या कारखान्याच्या मैदानावर जायचो. कुणी अडवलं नव्हतं.

यंदा पुन्हा दुष्काळ. टँकर सुरू. आणि त्यातच कारखान्यानं त्या मैदानात व्यायामाची रंगीत लोखंडी यंत्रं बसवली. चेअरमन आता भैया. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यानं मला बोलावून घेतलं. साखर झालीय त्याला, गुडघे गेलेत. खुर्चीतून उठताना दोघांनी हात धरला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "अजून ताठ हायेस की बे. उद्या स्टेजवर ये. आपल्या तालमीत तयार झालेला गडी म्हणून तुझा सत्कार करू. चार शब्द बोल."

"मी तुमच्या तालमीतला न्हाई," मी म्हणालो.

"आता त्ये कोण बघतंय? पोरगी आपल्याच मैदानावर पळती ना? मंग."

त्या 'मंग'मध्ये सगळं आलं होतं. मला समजलं. घरी येऊन पोरीला सांगितलं. ती बुटाच्या नाड्या बांधत होती. वर न बघता म्हणाली, "जे झालं तेच बोला, आबा. आमी कुठंबी पळू."

दुसऱ्या दिवशी मंडपात माझं नाव पुकारलं. "आपल्या तालमीनं घडवलेले," असंही जोडलं. भैया शाल घेऊन उभा होता. मी शाल घेतली नाही, माइक घेतला.

"ह्या तालमीत मी आजवर एकच पाऊल टाकलंय," मी म्हणालो. "दुष्काळ व्हता. मी बारा वर्साचा व्हतो. त्या पावलापायी कोपऱ्याची माती माझ्याकडून हातभर उकरून घेतली आन् गावाभायेर टाकायला लावली. ती माती मी घरामागं टाकली. तिच्यावर मी तयार झालो. तालमीनं मला घडवलं न्हाई. तालमीनं मला फेकलं."

भैया हसत माइककडं वाकला. "ल्हानपणीच्या गोष्टी सोड बे आता."

"सोडतो की," मी म्हणालो. "फकस्त एवढं सांगा. तुमचा पाय लागलेली माती कुणी कधी उकरली व्हती का?"

कुणीतरी माइक बंद केला. मी स्टेजवरून उतरलो आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर आलो. मागच्या रांगेतल्या माझ्या वयाच्या एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली. तो त्या दिवशी हौद्याच्या कडेला उभा होता.

दुसऱ्या पहाटे मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं. वॉचमन ओळखीचा, माझ्याच टोळीत ऊस तोडलेला. खाली बघत म्हणाला, "वरून सांगितलंय. सभासदांच्या घरच्यांसाठीच हाय म्हणं." सभासद म्हणजे ज्याच्या शेतातला ऊस कारखान्याला जातो तो. ज्याच्या मानेवरून ऊस जातो तो नाही. सहकाराचा हा अर्थ मला त्या कुलपाएवढा सोपा करून कुणी सांगितला नव्हता.

पोरी त्या दिवशी कोरड्या कालव्यात पळाल्या. तळाला भेगा, कडेला बाभळीचे काटे. पळाल्या तरी. माझी पोरगी पहिली आली आणि दम खात म्हणाली, "आबा, तालीम कुणाची हाय?"

मी ग्रामपंचायतीत जाऊन कागद पाहिला. इमारत चेअरमननी बांधली असेल, जागा गावठाणाची आहे. सगळ्या गावाची. चाळीस वर्षांत मला हे विचारायचं सुचलं नाही, याची लाज वाटली. तालीम आता ओसच असते. गावातली पोरं मोबाइलवर आणि त्या रंगीत यंत्रांवर. हौद्याची माती वाळून दगड झाली आहे. तिला आता कुणी पाणी घालत नाही, ताक तर नाहीच.

येत्या शनिवारी सकाळी मी आत जाणार आहे. पाच पोरी बरोबर असतील. लपून नाही, सगळं गाव तालमीजवळच्या मारुतीला आलेलं असताना. टँकरचा एक थेंब त्या मातीला देणार नाही, तो घागरींसाठी आहे. वाळकीच खणू, फोडू, मऊ करू. माझ्या घरामागच्या मातीची एक पाटी नेणार आहे. ती त्याच कोपऱ्यात ओतणार, जिथून काढली होती. मग त्यात आम्ही उतरणार. एक पाऊल नाही. दहा पावलं पोरींची आणि दोन माझी.

माती बाटली म्हणणारे येतील. येऊ देत. या वेळी मी उकरणार नाही. ज्याला उकरायची असेल त्यानं स्वतः वाकावं. खोरं मी देईन.