लालबागची अर्धी लादी

चहा ओतलाय ना सगळ्यांना? मग ऐका. एकदाच सांगणार, कारण हा किस्सा सांगायलाही दम लागतो आणि माझ्यात आता तेवढा उरलेला नाही. एका रविवारी दुपारी मी माझी चांगली धडधाकट बायको अख्ख्या चाळीसाठी मारून ठेवली. हसू नका. अजून सुरुवात व्हायचीय.

संप होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. संप मिटला असं कुणी म्हणायचं, कुणी म्हणायचं नाही मिटला. मिल मात्र बंद ती बंदच. मी आयुष्यभर साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेला माणूस, आता वरळीला एका बिल्डिंगखाली रात्रभर स्टुलावर बसायचो. वॉचमन. सकाळी घरी यायचो तेव्हा आमची सुलोचना चपला घालत असायची. तिला शिवडीला एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगचं काम होतं, दिवसभर उभ्याने. संध्याकाळी ती यायची तेव्हा मी चपला घालत असायचो. दारात गाठ पडायची तेवढीच. 'भात झाकलाय.' 'बरं.' हा आमचा संसार.

मुलगी कुडाळला दिलेली. खोलीत आम्ही दोघंच. लग्न झालं तेव्हा त्याच दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं झोपायची, आणि तेव्हा आम्हाला काही अडचण वाटली नाही हो! आता खोली रिकामी झाली, तर मी भिंतीकडे तोंड करून घोरत पडायचो.

एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे बघत नाही आता."

"दमतो गं."

"मी पण दमते. पण मी बघते."

मिल बंद झाल्यापासून माझ्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, हे मला माहीत होतं. ते तिने स्वतःच्या खात्यावर मांडलं होतं, हे मला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, आता आपण नवऱ्याला नकोशा झालो. पन्नाशीला आलेली बाई, पाळी जायचा त्रास, टाचा दुखतायत, त्यात हे.

तिच्या त्रासासाठी ती दादरला एका डॉक्टरबाईंकडे जायची. त्या बाईंनी काय काय विचारलं देव जाणे. पुढच्या खेपेला म्हणाल्या, नवऱ्याला घेऊन या.

गेलो. खुर्चीच्या टोकावर बसलो. बाई आमच्या मुलीच्या वयाच्या, पण भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज बोलत होत्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही दोघं दमलेले आहात. मग एकदम शेवटाला का धावता? आधी नुसता स्पर्श. पीस फिरवा, रेशमी कापड फिरवा, बर्फाचा खडा फिरवा. डोळ्यांवर पट्टी बांधली की कातडीला जास्त कळतं. करून बघा, पण एकमेकांना विचारून."

मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. सुलोचना मात्र कान देऊन ऐकत होती.

"बर्फ नुसता लावायचा नाही, फडक्यात गुंडाळायचा. फिरवत राहायचा, एका जागी धरला तर कातडी भाजते. नाजूक जागी नको. पट्टी डोळ्यांवरच, नाक-तोंड मोकळं. गळ्याभोवती काही बांधायचं नाही. तळपायापासून सुरुवात करा. आणि एकाने थांब म्हटलं की दुसऱ्याने तिथंच थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही."

सुलोचना हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडे बोलून नाही चालत. मधे नुसतं पार्टिशन आहे. पलीकडे राऊळकाकी. त्यांना उचकी लागली तर इकडे मी पाणी पिते."

"मग खूण ठरवा."

खूण म्हटल्यावर मी पंख्यावरून खाली आलो. कारण खुणा हा आमचा धंदा! साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडतात, तिथे तोंडाने कोण बोलणार? सगळं हाताने. मीठ हवं, मुकादम आला, धागा तुटला, सगळ्याला खूण. घरी जेवतानासुद्धा मी हातानेच आमटी मागायचो, त्यामुळे सुलोचनालाही त्या पाठ झाल्या होत्या. पंजा वर, बोटं ताठ: साचा बंद कर. आम्ही ठरवलं, हीच खूण.

ठरला रविवार. फ्रिज आमच्या मजल्यावर कुणाकडेच नव्हता, म्हणून मी मासळीबाजाराजवळच्या बर्फवाल्याकडे गेलो. आता बघा हं, इथून माझी अक्कल गहाण पडली.

मला हवा होता पेढ्याएवढा खडा. पण भरल्या बाजारात बर्फवाल्याला पेढ्याएवढा खडा मागणार कसा? तो विचारणार, कशाला. म्हणून मी ऐटीत म्हटलं, "आधी लादी."

अर्धी लादी! माणूस झोपेल एवढी. तो चाट पडला. म्हणाला, "घर के लिए?"

"हां."

"किसके लिए, चाचा?"

मला खोटं सुचत नाही, हा माझा जुना रोग. मान खाली घालून म्हटलं, "घरवाली."

त्याने हातातला टोच्या खाली ठेवला. "कब?"

"आज ही. दोपहर को."

"बाल-बच्चे?"

"एक लडकी है, गाव में."

"उसको बताया?"

आता मुलीला ही गोष्ट कोण सांगतं? मी म्हटलं, "नहीं रे बाबा. उसको क्या बतानेका."

"ठीक किया. सफर में रोएगी." त्याने लादी गोणपाटात बांधली, भुसा लावला, माझ्या खांद्यावर ठेवली आणि पैसे पुढे केले तर हात जोडले. मला भरून आलं. वाटलं, बघा, मिल गेली पण गिरणी कामगाराला अजून लालबागमध्ये मान आहे.

तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या नाही आलं. आमच्याकडे घरात बर्फाची लादी जाते ती एकाच कामासाठी. गावाहून पोरंबाळं पोचेपर्यंत गेलेल्या माणसाला ठेवायचं असतं, तेव्हा.

चाळीच्या जिन्यात परब भेटला. हा माझ्या शेजारच्या साच्यावरचा, आता मार्केटबाहेर भाजी विकायचा. खांद्यावरचं गोणपाट गळत होतं. त्याने पाणी बघितलं, माझं तोंड बघितलं. माझं तोंड तसंही बंद मिलच्या गेटसारखंच असायचं त्या काळात.

"कोणासाठी रे?" त्याने हळू विचारलं.

"सुलोचनासाठी. तू वर येऊ नको आत्ता. आम्हाला जरा एकटं असू दे."

परब कठड्याला धरून खालीच बसला. मी आपला वर. दमलेल्या माणसाला मागे वळून बघायचं सुचत नाही.

खोलीत शिरलो आणि दार लावून घेतलं. ही दुसरी चूक. चाळीत दिवसाढवळ्या दार कुणी लावतं का? चाळीचं दार पहाटे उघडतं ते रात्रीच मिटतं, मधे मिटलं तर घरात काहीतरी मोठं झालंय असं समजायचं. आमची कडी निखळलेली, म्हणून मी आतून पाटा टेकवला.

सुलोचनाने लादी बघितली आणि कपाळाला हात लावला. हातानेच विचारलं, वरात आहे का? मी खांदे उडवले. मग बत्त्याने एक खडा फोडला, फडक्यात गुंडाळला, बाकीची लादी भिंतीशी गोणपाटावर ठेवली. ती चटईवर आडवी झाली. अंगावर पांढरी चादर घेतली. डोळ्यांवर मी मिलमधून मिळालेल्या लठ्ठ्याच्या पांढऱ्या कापडाची पट्टी ठेवली, नाक-तोंड मोकळं, बाईंनी सांगितलं तसं. पंखा घरघरत होता. मी तिच्या पायाशी बसलो.

आता तुम्ही माझे मित्र, म्हणून सांगतो. इतकी वर्षं संसार केला, पण मी तिचे तळपाय कधी बघितले नव्हते. टाचांना भेगा, करंगळीला कारखान्याच्या चपलेचा घट्टा. मी बर्फ अंगठ्यापासून टाचेपर्यंत नेला. तिची बोटं वळली. परत नेला. तिच्या ओठांचा कोपरा हलला. लग्न झालं तेव्हा अशीच हसू दाबायची. माझा थकवा कुठे गेला कळलं नाही. मी इतका रंगलो की पायावरून नजर वर गेलीच नाही.

इथे तिसरी चूक. खूण ठरवली हाताची, आणि मी बघत होतो पाय!

बाहेर गॅलरीत कुजबुज, हुंदके सुरू झाले होते. पट्टीमुळे तिचे कान तिखट झालेले. तिने पंजा वर केला, बोटं ताठ. साचा बंद कर. मी बंद करतोय कुठला? मी आपला दुसऱ्या पायाला लागलो.

तेवढ्यात परबाने दाराला खांदा दिला. पाटा आडवा आणि अर्धी चाळ आत. राऊळकाकी पुढे, मागे बायका. कुणीतरी बांबू आणायला खाली गेलंसुद्धा होतं.

त्यांना काय दिसलं ते बघा. पांढरी चादर, डोळ्यांवर पांढरं कापड, भिंतीशी बर्फ, आणि नवरा बायकोच्या पायाशी बसलेला. आमच्यात नवरा बायकोच्या पायाला हात लावतो म्हणजे ती जिवंत असणं शक्यच नाही. राऊळकाकीने छाती बडवली, "गे बाय माझे, अशी कशी गेलंस गे!"

आणि चादरीतून वर आलेला तो पंजा सगळ्यांसमोर तसाच ताठ.

एक किंकाळी. मागच्या बायका मागच्या मागे गॅलरीत. राऊळकाकी भिंतीला चिकटली. एकटा परब जागचा हलला नाही. तो पंजाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, ती साचा बंद कर सांगतेय तुला."

मी बंद केला.

सुलोचनाने पट्टी काढली, चादर खांद्यावर ओढून उठून बसली. "काय झालं, काकी? कोण गेलं?"

"तू गे!"

सगळे माझ्याकडे वळले. सुलोचना शांतपणे म्हणाली, "टाचा दुखतात माझ्या. डॉक्टरबाईंनी बर्फ फिरवायला सांगितलाय."

यात खोटं काय होतं सांगा? एक अक्षर नाही.

"मग डोळ्यार कापड?"

"उजेड सहन होत नाही."

"आणि दार?"

"टाचा चव्हाट्यावर मांडू का?"

राऊळकाकीने माझ्याकडे बोट केलं. "ता सगळा ऱ्हवांदे. पण मी आत इलंय तेव्हा हो तुझो नवरो हसत कशाक होतो? बायल मेली नि घोव हसता!"

सुलोचनाची मान माझ्याकडे वळली. "हसत होते?"

"दात दिसत होते सगळे. ईचार परबाक."

परबाने मान हलवली. बिचाऱ्याचे डोळे लाल झाले होते.

नंतर कुणी हललं नाही. मेलेल्या माणसाला भेटायला आलेली माणसं जिवंत माणसाकडे जास्त वेळ बसतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि एवढा बर्फ फुकट कसा घालवायचा? काकीने कोकम आणलं, कुणी साखर, लादी फोडली गेली, सगळ्या मजल्याने माझ्या खोलीत बसून सरबत प्यायलं. दिवेलागणीला शेवटचा गडी उठला. खडा एक उरला नव्हता आणि माझी ड्युटीवर जायची वेळ झाली होती.

मी दारात चपला घालत होतो. सुलोचना पेले विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "खरंच हसत होते?"

"असेन."

"मला पट्टीमुळे दिसलं नाही." पेला पालथा घालून म्हणाली, "पुढच्या रविवारी पट्टी तुमच्या डोळ्यांवर."

पुढच्या रविवारी मी परत बर्फवाल्याकडे गेलो. या वेळी लाज बाजूला ठेवून म्हटलं, छोटा तुकडा दे. त्याने मला ओळखलं.

"चाचा, किसके लिए?"

सांगितलं ना, मला खोटं सुचत नाही. म्हटलं, "घरवाली."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "एक हफ्ते में दूसरी भी?"

तेव्हापासून बर्फ मी दादरहून आणला. गुडघे दुखायचे, घरी पोचेपर्यंत अर्धा वितळायचा. पण फ्रिज येईपर्यंत एक रविवार चुकवला असेन तर तुमचा जोडा नि माझं डोकं.