आधी तू जा

शिबिराला खरं तर नीलाबाईंना जायचं होतं. वय बाहत्तर, छातीत काहीतरी टोचतंय म्हणून महिनाभर तक्रार चालली होती. शिरूर अनंतपाळच्या मंगल कार्यालयात बायकांच्या कॅन्सर तपासणीचं शिबिर लागलं, तशी सून उमादेवी शिलाई मशीन झाकून त्यांना घेऊन निघाली. संध्याकाळपर्यंत तिला तीन ब्लाउज द्यायचे होते.

पडद्यापाशी येऊन नीलाबाई अडल्या. "आधी तू जा. दुखतंय का ते सांग, मग मी जाते."

"आत्या, मला काय झालंय?" उमादेवी हसली. पण म्हातारी हलेना, म्हणून गेली आत.

डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलकी. कुठं राहता, ब्लाउज कसे शिवता, असं विचारत तपासत होती. डाव्या काखेजवळ तिचा हात थांबला आणि बोलणंही थांबलं.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"कुठली गाठ?" उमादेवी म्हणाली.

नीलाबाईंना काहीच निघालं नाही.

दहा दिवसांनी लातूरच्या दवाखान्यात तपासणीचा कागद हातात आला. नवरा संगमेश डॉक्टरांना म्हणाला, "सर, तिचं वय एकोणचाळीस हाय," जणू ते ऐकून डॉक्टर कागद परत घेतील. गावात येऊन त्यानं रोजच्यासारखं भांड्यांचं दुकान उघडलं. कुणी तवा मागितला, त्यानं परात काढून दिली. गिऱ्हाईक हसलं. संगमेश परातीकडं बघतच राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळची लिंगपूजा उरकून, कपाळावरची विभूती तशीच ठेवून, नीलाबाई एकट्या एसटीनं लातूरला गेल्या आणि डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, कागदाची अदलाबदल झाली बघा. शिबिराला मी गेले होते. दुखणं माझं हाय. तिला दोन लेकरं हायत हो. माझं परत बघा."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. "आजी, अदलाबदल झालेली नाही."

"तुम्ही नीट बघितलं न्हाई," एवढंच म्हणून त्या उठल्या. हे डॉक्टरांनीच पुढं संगमेशला सांगितलं. नीलाबाईंनी घरात कधी विषय काढला नाही.

मुलींना सांगायचं नाही, असं ठरलं. थोरली अक्षरा दहावीला होती, धाकटी दामिनी तिसरीत. मम्मीच्या खांद्याचं ऑपरेशन आहे, असं सांगितलं. अक्षरानं औषधांची नावं मोबाईलवर शोधली आणि गप्प बसली. केमो सुरू झाली, उमादेवीचे केस गेले, डोक्याला रुमाल आला. दामिनीनं एक प्रश्नही विचारला नाही. लहान आहे, तिला काय कळतंय, असं सगळे म्हणाले.

एके सकाळी उमादेवी उशिरा उठली. दामिनी आरशासमोर स्वतःची वेणी घालत होती. भांग वाकडा, एक वेणी वर, एक खाली. स्टुलावर चढून तिनं चहाही करून ठेवला होता.

"दामू, मी घालते की वेणी. मला उठवायचं न्हाई का?"

"मी शिकायलेय," दामिनी आरशातच बघत म्हणाली. "तू गेल्यावर कोण घालंल? दीदीला टाइम नसतो. आजीला दिसत न्हाई."

उमादेवी तिथंच फरशीवर बसली. ऑपरेशनला, केमोला ती रडली नव्हती. पण आठ वर्षांची पोर आई नसलेल्या घराची तयारी करतेय, हे तिला सहन झालं नाही. बऱ्याच वेळानं तिनं दामिनीला जवळ ओढलं, रिबिनी सोडल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई. तुम्ही सगळे मी आले की गप होता."

त्या दिवशी उमादेवीनं दोघी मुलींना समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं. "बरी होईन का, मला ठावं न्हाई. खोटं सांगणार न्हाई. जे कळंल ते तुम्हाला सांगीन."

दामिनीनं विचारलं, "मग आज शाळेत सोडायला येतीस?" उमादेवी गेली, रुमाल बांधून, गल्लीतून चालत.

दीड वर्षानं पाठ दुखायला लागली. आजार हाडात उतरला होता. पूर्ण बरा होणार नाही, डॉक्टर म्हणाले, पण गोळ्यांवर ताब्यात ठेवता येईल. किती दिवस, ते कुणी सांगितलं नाही. उमादेवीनं ठरल्याप्रमाणे मुलींना सांगितलं. दामिनी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली.

आता उमादेवी रोज गोळ्या घेते, महिन्याला लातूरला इंजेक्शनला जाते, दिवसाला एकच ब्लाउज शिवते. कुठं जरा दुखलं तरी घर गपगार होतं.

यंदा अक्षराला नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. संगमेश नको म्हणत असताना उमादेवी पाठीला पट्टा बांधून सोबत गेली. होस्टेलच्या खोलीत तिनं गादीवर चादर घातली, कोपरे खोचले आणि खाटेच्या कडेवर बसून राहिली.

"मम्मी, पाठ दुखायलीय का?" अक्षरा घाबरली.

"न्हाई गं," उमादेवी खोलीभर बघत म्हणाली. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. "मी हे बघंन असं मला वाटलंच नव्हतं."